काळ आला होता, पण वेळ आली नव्हती

मरणाच्या दारातून कोणी परत आला की आपली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ पवित्र सप्ताहात आपल्या शेजारची ख्रिस्ती कुटुंबे येशूच्या मरणाची कथा ऐकतात. ती शुभवर्तमाने वाचताना आम्हांला ही म्हण पदोपदी आठवते.

लूक सांगतो की नासरेथकरांनी, म्हणजे येशूच्याच गावच्या लोकांनी, संतापून त्याला कड्यावरून लोटण्यासाठी नेले. तो त्यांच्यामधून चालता झाला. यरुशलेमात मंडपांच्या सणात त्याला धरण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. योहानाने याचे कारण एकच दिले आहे: त्याची वेळ आली नव्हती. कानाच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हाही येशूने आईजवळ याच वेळेचा उल्लेख केला होता.

मग वेळ देवाच्या हाती, म्हणून तो बेफिकीर राहिला काय? मुळीच नाही. जिवावर टपलेले लोक यहूदियात होते, तेव्हा तो गालीलात फिरत राहिला. लाजरला उठविल्यावर पुढाऱ्यांनी त्याला मारण्याचा बेत केला, तेव्हा तो रानाजवळच्या एफ्राईम गावी जाऊन राहिला.

पुढचा प्रकार नवलाचा आहे. लोकांत दंगल होईल, म्हणून सणात त्याला धरू नये, असे पुढाऱ्यांनी ठरविले होते. तरी तो धरला गेला वल्हांडणाच्या सणातच. बेत विरोधकांचा तडीस गेला, पण मुहूर्त त्यांचा नव्हता.

सारे वरून ठरलेले, तर विरोधकांचा दोष कसला? येशूने पिलाताला दोन्ही गोष्टी सांगितल्या: तुझा अधिकार वरून मिळालेला आहे, आणि मला तुझ्या हाती देणाऱ्याचे पाप अधिक मोठे आहे. दैवी योजनेने माणसाची जबाबदारी संपत नाही. परंतु हा दोष पुढे कित्येक शतके साऱ्या यहूदी समाजावर लादला गेला आणि त्यापायी त्यांचा छळ झाला. वास्तविक येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य यहूदीच होते. अखेर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की त्या काळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर हा दोष ठेवता येत नाही.

वेळ आली तेव्हा ती येशूलाही सोपी नव्हती. शक्य असेल तर ही घटका टळो, अशी प्रार्थना त्याने गेथशेमाने बागेत केल्याचे मार्क सांगतो. मग तो उठला आणि पकडायला येणाऱ्यांना सामोरा गेला.

चांगल्या कामाला आपल्याच माणसांचा विरोध झाला की आपण एक तर घाई करतो, नाही तर देवावर भार टाकून स्वस्थ बसतो. या कथेत दोन्ही नाही. वेळ येईपर्यंत काम चालू ठेवावे, जीव सांभाळावा, आणि वेळ आली की पाठ फिरवू नये. धर्म कोणताही असो, आपल्या घरांतही हे शिकण्यासारखे आहे.