कॅमलफर्डचे नळ आणि सोळा दिवसांची गप्प

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवणे आपल्याकडच्या बायकांना शिकवावे लागत नाही. कोणी तिला फिटकरी म्हणते. खडा दोन-चार वेळा फिरवायचा, हंडा झाकून ठेवायचा, सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो. इंग्लंडमधल्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हीच युक्ती वापरतात. फक्त खड्याऐवजी तुरटीचीच बहीण शोभेल अशा ॲल्युमिनियम सल्फेटचे द्रावण टँकरने येते. असाच एक टँकर १९८८ साली कॉर्नवॉलमधल्या कॅमलफर्ड या छोट्या गावात आला होता.

आधी तिथल्या पाण्याविषयी सांगायला हवे. जड म्हणजे दुष्फेन पाणी वाईट आणि हलके म्हणजे सुफेन पाणी चांगले, असा शाळेत मुलांचा पक्का समज होऊन बसतो. साबणापुरते ते खरे आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात जमिनीखाली खडूचा दगड आहे. तिथले पाणी इतके जड की चहाच्या किटलीत पांढरा थर धरतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्या आपल्या घरांना हा थर ओळखीचा आहे. कॉर्नवॉलची तऱ्हा उलटी. कॅमलफर्ड बॉडमिन मूर या माळरानाच्या कडेला आहे. खाली ग्रॅनाइट, वर कुजलेल्या गवत-शेवाळाची काळी माती. त्यातून झिरपणारे पाणी हलके आणि मुळातच थोडे आम्लधर्मी. साबणाला फेस भरपूर, पण एक उणीव मोठी. जड पाण्यात विरघळलेला चुना असतो आणि बाहेरून आम्ल पडले तर बरेचसे तो पचवतो. हलक्या पाण्याला तो आधार नसतो. आम्ल पडले की ते तसेच पाईपला जाऊन भिडते.

६ जुलै १९८८ रोजी लोअरमूर केंद्रावर टँकर घेऊन आलेला चालक बदलीवरचा होता. केंद्रावर त्या वेळी कोणीही नव्हते. फाटकातून आत गेल्यावर टाकी डाव्या हाताला, एवढेच त्याला सांगितलेले. हातातली किल्ली अशी की ती अनेक केंद्रांच्या कुलपांना चाले. त्याने जे झाकण उघडले ते रसायनाच्या टाकीचे नव्हते. शुद्ध होऊन घरोघर जायला निघालेल्या पाण्याचे होते. वीस टन द्रावण त्यात गेले. त्या गरीब चालकाला दोष द्यायला आमचे मन धजत नाही. सगळीकडे चालणारी किल्ली ज्यांनी बनवून घेतली, त्यांना विचारायला हवे होते.

हे पाणी आसपासच्या सुमारे वीस हजार लोकांच्या नळांना आले. ॲल्युमिनियमची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. एका नमुन्यात ते ६२० मिलिग्रॅम निघाले, म्हणजे तीन हजारपटींहून जास्त. शिवाय आम्लाने पाईप खाल्ले, त्यातले तांबे, जस्त, शिसे पाण्यात उतरले. तांब्यामुळे काहींचे केस हिरवे पडले. उलट्या, जुलाब, तोंडात फोड, अंगावर पुरळ, सांधेदुखी, अशा तक्रारी घेऊन लोक डॉक्टरांकडे धावले. नळ धुण्यासाठी ते पाणी नद्यांत सोडले तेव्हा हजारो मासे मेले.

इथपर्यंत ही चूक होती. चूक कुठेही होते. पुढचे मात्र चूक म्हणून सोडून देता येत नाही. फोन करणाऱ्यांना साउथ वेस्ट वॉटर अथॉरिटी सांगत राहिली की पाणी प्यायला हरकत नाही. चव आवडत नसेल तर संत्र्याचा रस मिसळा. आई मुलाला दुधात, भातात, सरबतात तेच पाणी देत राहिली. खरे कारण जाहीर झाले ते २२ जुलैला, सोळा दिवसांनी, वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानाजवळ दिलेल्या एका सूचनेत. आणि त्यातही हे पाणी लिंबाच्या रसाहून आंबट नाही, असा दिलासा!

त्या दिवसांत सरकार पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे देण्याच्या तयारीत होते. १९८९ च्या अखेरीस तो दिलाही. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून हे प्रकरण दाबले गेले, अशी शंका तिथले लोक पुढे वर्षानुवर्षे बोलून दाखवत राहिले. १९९१ मध्ये न्यायालयाने अथॉरिटीला दहा हजार पौंड दंड केला, खर्च वेगळा. १९९४ मध्ये १४८ जणांनी तडजोडीने भरपाई घेतली. वीस टनांच्या मानाने ही रक्कम आम्हाला फारच किरकोळ वाटते.

वाचकांनी यावरून तुरटीचा खडा फेकून देऊ नये. हंड्यात फिरवलेल्या तुरटीतले बहुतेक ॲल्युमिनियम गाळाबरोबर खाली बसते. म्हणून खडा थोडाच फिरवावा, पाणी पुरेसे निवू द्यावे, वरचे अलगद काढून घ्यावे आणि तळचे सांडून द्यावे. तुरटीने जंतू मरत नाहीत, तेव्हा उकळणे चुकवू नये. आणि नळाचा रंग, वास, चव एकदम बदलली तर आधी स्वच्छ बाटलीत पाणी भरून तारीख-वेळ लिहून ठेवावी, मगच तक्रारीला जावे. पाणी वाहून गेले की पुरावाही वाहून जातो.

कॅमलफर्डचा वाद मिटायला फार काळ लागला, आणि पुरता मिटला असेही नाही. त्या भागातली एक बाई २००४ मध्ये वारली. तिच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे प्रमाण फार मोठे आढळले. २०१२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, त्या पाण्याचा तिच्या मरणाला हातभार लागला असण्याची खरीखुरी शक्यता आहे, असे नोंदवले आणि अथॉरिटीने वीस हजार जिवांशी जुगार खेळला, असे ठणकावले. दुसऱ्याच वर्षी सरकारी तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला: दीर्घकाळ टिकणारा अपाय झाला असण्याची शक्यता कमी. त्याच २०१३ मध्ये, वेळेवर माहिती दिली नाही याबद्दल, सरकारने गावाची माफी मागितली. जुलै १९८८ मध्ये त्या नळाचे दूध पिणारी मुले तेव्हा पंचविशीत होती.