जुना सर्व्हर घेताय? आधी ड्रायव्हर तपासा

एकाच सर्व्हरवर हिशेब, गोदाम आणि बिलिंगची स्वतंत्र आभासी यंत्रे चालविणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयखाली विंडोज नसते की लिनक्स नसते. त्यामुळे नेटवर्क कार्ड चालविणारा ड्रायव्हर त्याला स्वतःचाच लागतो.

आभासी यंत्राला वाटते, डिस्क आपल्याच पेटीत आहे. प्रत्यक्षात ती दुसऱ्या खोलीतील साठवण यंत्रात असू शकते. वाचण्या-लिहिण्याची प्रत्येक मागणी हायपरव्हायझर आयस्कझी किंवा एनएफएस पद्धतीने तिकडे पोचवितो. हे काम आतील विंडोजवर टाकणे अवघड, कारण ती विंडोजच त्या डिस्कवर असते! शिवाय एकच डिस्क दोन सर्व्हर एकदम लिहू लागले तर हिशेबाची माती होईल. तो पहाराही हायपरव्हायझरच ठेवतो.

2020 साली ईएसएक्सआय 7.0 मध्ये लिनक्स धर्तीचे जुने ड्रायव्हर बंद झाले आणि त्यांच्यावर चालणारी कार्डे त्या आवृत्तीत निरुपयोगी ठरली. केव्हीएम मात्र 2007 पासून लिनक्सचाच भाग असल्याने लिनक्सचे ड्रायव्हर वापरतो.

व्यापारी बंधूंना आमचा सल्ला एवढाच : सर्व्हर कितीही स्वस्त मिळो, त्याचे कार्ड आपल्या आवृत्तीच्या मान्य यादीत आहे, हे पाहूनच पैसे मोजा.