जुन्या पोलादी सायकलीची पारख

जिन्याखालच्या काळोखांत, ट्रंका आणि गुंडाळलेल्या सतरंज्या यांच्या मागें, भिंतीला टेकून उभी असलेली काळी सायकल अनेक घरांत अजून आहे. टायरांतील हवा केव्हांच गेली आहे. घंटेचें झांकण हरवलें आहे. सीटचें चामडें सुकून ताठ झालें आहे. घराला रंग द्यावयाचा निघाला कीं तिचाहि विषय निघतो. "वडिलांची आहे," असें एक जण म्हणतो. "जागा अडली आहे," असें दुसरा म्हणतो. दारांत भंगारवाला उभा असतो व तो तिला कांट्याला लावून लोखंडाचा भाव सांगतो. वजनाच्या दृष्टीनें तो भाव बिनचूक असेल. परंतु वस्तूच्या दृष्टीनें तो बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं ती वस्तु काय आहे हें समजून घेतलें पाहिजे. कारण ती एकदां हातगाडीवर चढली कीं हा विचार करण्याचें कारणच उरत नाहीं.

या सायकलीचा सांगाडा पोलादी असतो. पोलादाचा मुख्य गुण कोणता, हें सांगणारी एक घटना सायकल-शर्यतींच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १९१३ सालच्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतींत यूजेन क्रिस्तोफ नांवाच्या फ्रेंच स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतांतील तूर्माले घाट उतरतांना मोडला. स्वारानें आपली दुरुस्ती आपणच केली पाहिजे, दुसऱ्याचा हात लागतां कामा नये, असा त्या वेळीं नियम होता. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर घेतली, कित्येक किलोमीटर पायीं चालून सैंत-मारी-द-कांपां हें खेडें गांठलें आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर आपल्या हातानें तो चिमटा सांधला. भाता मात्र एका मुलानें ओढला, एवढ्यावरून पंचांनीं त्याला दंड केला! शर्यत जिंकण्याची संधि गेली. तरीहि तो पुढें धांवला आणि अखेरीस सातवा आला. खेड्यांतल्या भट्टीवर जोडला जाणारा चिमटा पुन्हां शर्यतीच्या ताणाला उतरतो, ही पोलादाची थोरवी आहे. जुन्या सायकलीची पारख येथून सुरू होते. ती मोडत नाहीं असें नाहीं. मोडली तरी ती दुरुस्त करतां येते.

हें असें कां घडतें, याचें उत्तर तिच्या बांधणींत आहे. जवळजवळ सारख्या उंचीचीं दोन चाकें आणि मागल्या चाकाला चेननें मिळणारी गति हें आजच्या सायकलीचें रूप १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें काढलेल्या 'रोव्हर' सायकलीनें रूढ केलें. १८८८ मध्यें जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें आणि हाडें खिळखिळीं करणारें हें वाहन सुखकर झालें. पुढें थोड्याच वर्षांत पोलादी नळ्यांचे दोन त्रिकोण एकमेकांना जोडून केलेला सांगाडा सर्वमान्य ठरला, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याहून सोपी व मजबूत आकृति साध्या सायकलीसाठीं कोणाला सुचलेली नाहीं.

या नळ्या एकमेकींना नुसत्या चिकटविलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यावर एक पोलादी खोळ असते. कारागीर तिला 'लग' म्हणतात. नळीचें टोंक या खोळींत घालून सांधा लाल होईपर्यंत तापवितात आणि त्यावर पितळ वितळवितात. तें पातळ पितळ नळी व खोळ यांमधील केंसाएवढ्या फटींत आपोआप ओढलें जातें आणि थंड झाल्यावर सांधा पक्का होतो. पितळ पोलादापेक्षां पुष्कळ कमी उष्णतेवर वितळत असल्यामुळें मूळ नळी वितळत नाहीं. म्हणूनच एखादी नळी पिचली, तर तोच सांधा पुन्हां तापवून ती काढतां येते आणि दुसरी बसवितां येते. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वीं बहुधा वांकतें, आणि थोडें वांकलेलें पोलाद जाणत्या हातानें सरळ होतें. अल्युमिनियम हलकें खरें. पण लहान ताणहि असंख्य वेळां पडला कीं त्याला थकवा येतो. ठराविक मर्यादेच्या आंतील ताण मात्र पोलाद जवळजवळ अखंड सोशीत राहतें.

पोलादी सायकलींतहि उच्चनीच भेद आहेत. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें टोंकांशीं जाड व मध्यें पातळ अशा नळ्यांचें पेटंट १८९७ मध्यें घेतलें आणि १९३५ मध्यें मँगेनीज व मॉलिब्डिनम मिसळलेल्या पोलादाच्या '५३१' या प्रसिद्ध नळ्या बाजारांत आणल्या. शर्यतीच्या उत्तम सायकली त्यांच्या होत असत आणि हौशी संग्राहक आज त्यांच्याच मागें धांवतात. जिन्याखालची काळी सायकल या कुळांतील नव्हे. तिच्या नळ्या साध्या पोलादाच्या, जाड आणि जड. एकंदर वजन वीस किलोच्या आसपास. तिला इंग्रजींत 'रोडस्टर' म्हणतात. तिच्याकडे संग्राहकांचें लक्ष जात नाहीं, याचें कारण ती सामान्य आहे; पण सामान्य म्हणजे अविचारानें केलेली, असें मात्र नव्हे.

रोडस्टरच्या प्रत्येक भागामागें खराब रस्त्याचा आणि गरीब धन्याचा विचार आहे. तिचीं चाकें २८ इंचांचीं, टायर दीड इंच रुंद, त्यामुळें खड्डा तिला लहान वाटतो. पुढचा चिमटा बराच तिरपा आणि दोन चाकांमधील अंतर मोठें, म्हणून धक्का अंगावर येण्यापूर्वींच निम्मा जिरतो. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा. कारण बसणाऱ्याचा, कॅरियरवरच्या पोत्याचा आणि बहुधा पोत्यावरच्या भावाचाहि भार मागच्या चाकावर पडतो. ब्रेकला वायरऐवजीं पोलादी सळया असतात. त्या वर्षानुवर्षें तुटत नाहींत. ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंना न लागतां आंतल्या अंगाला लागतात, म्हणून चाक थोडें डुलत असलें तरी काम अडत नाहीं. चेनवर पूर्ण पत्र्याचें झांकण असतें. त्यानें चेन चिखलापासून आणि धोतर चेनपासून वांचतें. या सायकलीचा एक दोषहि सांगितलाच पाहिजे: भर पावसांत पोलादी रिम ओली झाली कीं ब्रेक फार उशिरां लागतो. उतारावर हें ध्यानांत न ठेवणारा स्वार संकटांत सांपडतो, आणि दुरुस्तीनंतरहि हा दोष जात नाहीं.

भारतांत ही सायकल प्रथम इंग्लंडहून आली. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस आणि बी. एस. ए. हीं नांवें घरोघरीं पाठ झालीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईस वरळीला 'हिंद' सायकली होऊं लागल्या. १९४९ मध्यें मद्रासची टी. आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली. आसनसोलला सेन-रॅलेचा, १९५१ मध्यें सोनीपतला ॲटलासचा आणि १९५६ मध्यें लुधियानाला हीरोचा कारखाना निघाला. पुण्याला तर सायकलींचें शहर म्हणत. प्राध्यापक, कारकून, पेपरवाले, दूधवाले आणि कॉलेजच्या मुली सकाळीं एकाच रस्त्यानें पायडल मारीत जात. ज्याच्याजवळ सायकल नसे त्याला ती तासाच्या भाड्यानें मिळे. नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्रीं दिवा नसला तर पोलीस अडवीत असे. १९७२ मध्यें पुण्यांतच 'लूना' ही छोटी इंजिनगाडी निघाली आणि मग हळूहळू सायकली जिन्याखालीं गेल्या. वरळीचा व आसनसोलचा कारखाना बंद पडला. ॲटलासचा साहिबाबाद येथील शेवटचा कारखानाहि ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीं, थांबला. सुदैवानें काळी रोडस्टर भारतांत अजून तयार होते, आणि म्हणून २८ इंची टायर, ब्रेकच्या सळया, छर्रे व कॉटर येथें मिळूं शकतात. इंग्लंडांतील जुन्या सायकलींचे हौशी लोकसुद्धां हे सुटे भाग भारताकडून मिळवितात.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळावें. पहिलें काम हत्यार उचलण्याचें नसून पाहण्याचें आहे. हॅण्डलखालच्या उभ्या नळीला ज्या दोन नळ्या येऊन मिळतात, त्यांच्या खालच्या अंगावरून, सांध्याच्या जरा मागें, बोट फिरवावें. तेथें सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर ती सायकल कधींतरी समोरून जोरानें आदळली आहे असें समजावें. नंतर मागल्या चाकाच्या एका खांचेपासून निघून, पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खांचेपर्यंत एक दोरी ताणावी. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचें अंतर सारखें भरलें तर मागला सांगाडा सरळ आहे. हीं दोन कामें दहा मिनिटांचीं आहेत आणि पुढचा सर्व खर्च करावा कीं नाहीं हें तींच ठरवितात.

खोलतांना घाई करूं नये. गंजलेल्या प्रत्येक नटावर तेल सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी. जोर लावून आटे खराब केले तर त्यांची भरपाई होत नाहीं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हें ठाऊक नसल्यामुळें अनेकांनीं तें सोडवण्याऐवजीं अधिकच आवळलें आहे. पायडलच्या दांड्यांतील कॉटर ठोकून काढतांना दांड्याखालीं जमिनीपर्यंत पक्का आधार द्यावा. तसें न केल्यास हातोड्याचा घाव थेट आंतल्या छर्ऱ्यांवर बसतो व वाटीला खड्डे पडतात. छर्रे रॉकेलनें धुवून पाहावे. त्यांवर एक जरी डाग दिसला तरी सर्वच बदलावे, कारण नवे-जुने मिसळले तर भार सारखा वांटला जात नाहीं. मागल्या चाकाला व पायडलच्या आंसाला पाव इंची छर्रे लागतात, पुढच्या चाकाला त्याहून लहान. चेनची परीक्षा पट्टीनें होते: नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात; ते १२ इंचांवर एक अष्टमांश इंच वाढले कीं चेन दांते खाऊं लागते, म्हणून ती बदलावी. शेवटीं चाकाचा आउट काढावा. हें काम शिकण्यास वेळ लागतो. तें जवळच्या सायकलवाल्याकडूनच करून घ्यावें आणि तो तारा कोणत्या क्रमानें आवळतो हें शेजारीं बसून पाहावें.

खरा मतभेद रंगापाशीं होतो. सायकल दुरुस्त करावयाची म्हणजे ती घासून, नवा काळा रंग फांसून चकचकीत करावयाची, असें पुष्कळांना वाटतें. पण कारखान्याचा भट्टींत भाजलेला रंग, त्यावर बारीक कुंचल्यानें हातानें ओढलेल्या सोनेरी रेघा आणि पुढच्या नळीवरील पितळी बिल्ला हीं एकदां गेलीं कीं परत येत नाहींत. रंग निम्म्याहून अधिक शाबूत असेल, तर तो साबणाच्या पाण्यानें धुवून त्यावर मेण चढवावें, एवढेंच पुरे. वरवरचा गंज ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यानें निघतो. मात्र तें विषारी आहे, हातमोजे घालावे, मुलांना दूर ठेवावें आणि नंतर तो भाग सोड्याच्या पाण्यानें धुवून लगेच कोरडा करावा. गंजानें पत्रा खाल्ला असेल तेथें मात्र खरवडून नवा रंग दिलाच पाहिजे. जुनेपणाच्या प्रेमानें भोंक जपण्यांत अर्थ नाहीं. ज्या खुणा धोका करीत नाहींत त्या ठेवाव्या. दांडीवर लहान मुलासाठीं बसविलेल्या छोट्या सीटचे ओरखडे असतात. त्या सीटवर बसून शाळेंत गेलेलें मूल आज कदाचित् घरांतील सर्वांत वडीलधारें माणूस असेल. तो ओरखडा रंगाखालीं झांकून सायकल सुंदर होईल, पण ती त्या घरची राहणार नाहीं.

या सर्व खटाटोपाला वेळ लागतो. पैसा मात्र नव्या सायकलीच्या मानानें बहुधा थोडाच. त्याहून दुर्मिळ होत चालली आहे ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची विद्या. कोनाचा नट किती आवळला म्हणजे चाक डुलतहि नाहीं व अडतहि नाहीं, हें त्याच्या बोटांना कळतें. तें पुस्तकांत नीट उतरत नाहीं. अशा कारागिराकडे जुनें काम येईनासें झालें कीं तो दुसरा धंदा धरतो, आणि त्याच्याबरोबर आणखी शंभर सायकली निरुपयोगी ठरतात. म्हणून जिन्याखालची एक सायकल बाहेर काढणें हा केवळ एका घराच्या आठवणीचा प्रश्न नाहीं.

काम पुरें झाल्यावर तिला पुन्हां भिंतीशीं शोभेसाठीं टेकवूं नये. सकाळीं रस्ता मोकळा असतांना टायरांत हवा भरावी, ब्रेक दोनदां दाबून पाहावा आणि मंडईपर्यंत जाऊन भाजी आणावी. चेनच्या झांकणांतून येणारा मंद आवाज ज्यांनीं लहानपणीं ऐकला आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. ज्यांनीं ऐकला नाहीं, त्यांना तो आतां ऐकावयास मिळेल. पुढच्या वेळीं भंगारवाला दारांत आला, तर त्याला देण्यासारखें घरांत दुसरें पुष्कळ लोखंड सांपडेल.