चोखोबांची भिंत

‘मध्ययुगीन जीवनदृष्टी’ हे भारदस्त शब्द ऐकून कुणास वाटेल की, हा पंडितांचा विषय; कामगारांच्या चळवळीत वावरणाऱ्याचे येथे काय काम? आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. परंतु ही दृष्टी आम्हांस ग्रंथांत भेटण्यापूर्वी माणसांत भेटली.

काही वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर एक भिंत कोसळून एक मजूर दगावला. भरपाईचा अर्ज घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. घर माळकऱ्याचे. म्हातारी आई म्हणाली, “त्याचा भोग सरला, दादा. लिवलेलं कोन पुसनार?” मुकादमही तेच म्हणत होता, मात्र त्याचे म्हणणे त्याच्या सोयीचे होते.

ही दृष्टी होती तरी काय? अलिबागेहून रेवदंड्यास जाताना अक्षी गाव लागते. तेथील मराठी शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा, असे त्याचे वाचन झाले आहे. तो देवीला दिलेल्या दानाचा लेख आहे. त्या काळच्या दानशिळांवर चंद्र-सूर्य कोरीत; चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान मोडू नये, हा त्याचा अर्थ. पुष्कळ शिळांवर मोडणाऱ्यास शापही असे. सगळे जगच असे एकदाचे कोरून ठेवलेले आहे, असे त्या काळी मानीत. राजा, ब्राह्मण, कुणबी, महार ज्याच्या त्याच्या जागी. ती जागा पूर्वकर्माने मिळालेली. आणि या फेऱ्यातून सुटणे हेच जन्माचे सार्थक.

अशा दृष्टीतून जे साहित्य निर्माण झाले, त्यावर तिचे तीन ठसे उमटले. पहिला असा की, नवा विचार नवा म्हणून सांगायचा नाही, जुन्या ग्रंथाची टीका म्हणून सांगायचा. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेचा अर्थ मराठीत आणला. केवढे हे धाडस! पण तेही भाष्याच्या रूपानेच. दुसरा ठसा म्हणजे, माणसाच्या आयुष्यात जे घडते त्याचे कारण माणसांत न शोधता देवाच्या लीलेत शोधायचे. महिपतीने 1762 साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यातील संतचरित्रांत पदोपदी चमत्कार आहेत. तिसरा ठसा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. मोक्षाची वाट स्त्री-शूद्रांनाही मोकळी आहे असे एकदा म्हटल्यावर त्यांची भाषा काव्यात आली, आणि भाषेमागून त्यांचे काम आले. गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, सेना न्हाव्याचा आरसा, जनाबाईचे जाते. काम करणारा हात मराठी काव्यात आला तो असा. इंग्लंडातही चौदाव्या शतकात लँग्लंड या कवीने एका नांगरकऱ्याला सत्याचा वाटाड्या केले.

तरीही जागा बदलली नाही. हे चोखोबांइतके दुसऱ्या कुणाकडून कळत नाही. एका अभंगात ते आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्माला देतात. दुसऱ्यात विचारतात की, विटाळापलीकडे आहे तरी कोण? एकाच माणसाच्या तोंडी त्या काळाचे उत्तर आहे आणि त्या उत्तरावरचा प्रश्नही आहे. परंपरा सांगते की, 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. नामदेवांनी अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची. पंढरीच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली, परंतु दाराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडले 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्ये सहाशे नऊ वर्षे गेली.

ही कथा सुंदर आहे, यात शंका नाही. पण भिंत का पडली, आणि बाकीच्या हाडांचे काय झाले, हे ती विचारीत नाही. तिच्या जगात तो प्रश्नच नव्हता. कथाकारांना आम्ही दोष देत नाही. तोच प्रश्न आज विचारायचे टाळणाऱ्यांना देतो.

कारण आपल्याकडे तो विचारला गेला आहे. चरीच्या कुळांनी 1933 साली खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप 1939 पर्यंत चालला. त्या माणसांनी हरिपाठ सोडला नव्हता. खोती पूर्वकर्माने आली आहे, एवढेच मानणे त्यांनी सोडले. 1949 साली खोती नाहीशी करणारा कायदा झाला.

त्या म्हातारीला आम्ही चोखोबांची ही हकिगत सांगितली. ती तिला आमच्याहून चांगली ठाऊक होती. भरपाईचा कायदा 1923 पासून आहे, ती भीक नव्हे, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, चोखोबाच्या सोयराला कोनी काय दिलं?”

पोथ्यांत याचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही. आम्ही तसे सांगितले. तिने अर्ज पुढे ओढला आणि अंगठा उठवला.