कलावंताची जात कोणती?

माणसाने आपले काम सांगावे आणि व्यवस्थेने त्याच्या बापाची नोंद करावी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. झारच्या रशियात तो आंतोन रुबिनस्टाइन या नामवंत पियानोवादकाला आला. पीटर्सबर्गच्या कझान कॅथेड्रलमध्ये ते पापनिवेदनासाठी गेले. तेथे नाव आणि दर्जा विचारला गेला. ते म्हणाले, कलावंत. नाट्यगृहात आहात काय? नाही. सरकारी नोकरीत? नाही. अखेर वडिलांचा दर्जा विचारून नोंद झाली: दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा!

रुबिनस्टाइन यांचा जन्म १८२९ चा, ज्यू कुटुंबातला. १८३१ मध्ये आजोबांच्या आदेशाने सारे कुटुंब ख्रिस्ती झाले. तरीही ख्रिस्ती आपल्याला ज्यू म्हणतात आणि ज्यू ख्रिस्ती म्हणतात, ही खंत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पियानोचे पहिले धडे आईने दिले. नवव्या वर्षी मॉस्कोत जाहीर वादन झाले, पुढे युरोप गाजवला. १८७२-७३ मध्ये एकट्या अमेरिकेत २१५ मैफली केल्या.

एवढ्या मोठ्या कलावंताला स्वतःपुरते सुखात राहता आले असते. पण त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. रशियात संगीत हा सरदारांचा छंद होता. जमीनदार भूदासांचे वाद्यवृंद बाळगत. संगीतावर पोट भरणाऱ्याला मात्र कायद्यात स्थानच नव्हते. १८६२ मध्ये रुबिनस्टाइन यांनी पीटर्सबर्गला कन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचे महाविद्यालय काढले आणि ते सर्व थरांतल्या मुलामुलींना खुले ठेवले. उत्तीर्ण होणाऱ्याला 'स्वतंत्र कलावंत' ही कायदेशीर पदवी मिळू लागली. पश्चिमेकडच्या ठरावीक प्रांतांतच राहण्याची सक्ती असलेल्या ज्यूंना या पदवीमुळे हद्दीबाहेर राहण्याचा हक्क मिळाला. जन्माने नाकारलेला हक्क शिक्षणाने मिळवून दिला.

१८८७ मध्ये ते पुन्हा संस्थेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी सरकारने राजधानीतल्या विद्यापीठांत ज्यूंवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे कन्झर्व्हेटरीचे प्रवेश आणि बक्षिसेही वंश पाहून द्यावीत, असा दबाव आला. १८९१ मध्ये रुबिनस्टाइन यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला.

आपल्याकडचे 'गुणवत्ता'वाले यातला राजीनामा तेवढा उचलतील आणि म्हणतील, पहा, कोट्याला विरोध! त्यांची ही चलाखी ओळखली पाहिजे. झारची ३ टक्के ही कमाल मर्यादा होती. दबलेल्या समाजाने याहून जास्त संख्येने आत येऊ नये, यासाठी ती होती. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखल्या, त्या ज्यांना कधी आत घेतलेच नव्हते त्यांना आत घेण्यासाठी. एक कोटा दार लावून घेतो, दुसरा दार उघडतो. दोघांना एकाच मापाने मोजणे ही लबाडी आहे.

रुबिनस्टाइन १८९४ मध्ये गेले. नोंदवहीत ज्याला जागा नव्हती, त्याने इतरांसाठी ती जागा करून ठेवली. आपल्या शिकलेल्या माणसांनी एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.