पुन्हा एकपासून

मी आयुष्याची चौतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या. आज बोलायचा विषय मात्र आहे सजगता. इंग्रजीत जिला माइंडफुलनेस म्हणतात ती. कॅशियरचा आणि तिचा संबंध काय, असं आपल्याला वाटेल. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

१९८६ साली मी धुळ्यात एका बँकेच्या शाखेत होतो. नोटा मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. ओल्या स्पंजला बोट लावायचं, शंभर नोटा मोजायच्या आणि कागदी पट्टी गुंडाळायची. कापसाच्या हंगामातली गर्दी होती. घरी धाकट्या मुलीला दोन दिवस ताप होता. बोटं नोटांवर आणि मी तिच्या उशाशी! संध्याकाळी रोकड जुळवली तर दहाच्या नोटांचं एक बंडल कमी. हजार रुपये. चूक माझीच होती, त्यामुळे ते मलाच भरावे लागले. तेव्हा ती रक्कम माझ्या निम्म्या पगाराहून जास्त होती.

रात्री मुलीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसलो. डोक्यात मात्र दिवसभराच्या पावत्या. कोणाला बंडल जास्त गेलं असेल? तिनं मला काहीतरी विचारलं. तीनदा विचारलं, असं पत्नी नंतर म्हणाली. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. दिवसभर काउंटरवर बसून मी घरी होतो आणि रात्री घरी बसून काउंटरवर. मुलगी बरी झाली, पैसेही फिटले. पण ती रात्र काही मनातून गेली नाही.

आमचे हेड कॅशियर अहिराणी बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोजताना पाहिलं आणि हळूच म्हणाले, “भाऊ, हात मोजी ऱ्हायना, पन तू कोठे शे?” रागावले नाहीत. आठवड्यानं त्यांनी विनोबांची ‘गीता प्रवचने’ आणून दिली. म्हणाले, हे आपल्या गावातलंच पुस्तक आहे, सहावा अध्याय वाच.

ते खरंही होतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजी तिथंच कैदेत होते. त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून आज आपल्या हातात आहेत. (दुसऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकणं, हीही सजगताच म्हणायची.) ध्यानाचा सहावा अध्याय २७ मार्चच्या रविवारी झाला. त्यात विनोबा एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेबद्दल बोलतात. औषध जसं मोजूनमापून घेतो, तसं खाणं, झोपणं, बोलणंही मापात असावं, असा त्यांचा आग्रह. व्यवहाराच्या कामालाही एकाग्रता लागतेच, हेही ते सांगतात. मोजण्याची गोष्ट निघाल्यावर आमच्यासारख्या कॅशियरला ते पटकन पटलं!

ही कल्पना गीतेपुरती नाही. बुद्धांच्या शिकवणीत तिला पालीमध्ये ‘सति’ म्हणतात, म्हणजे स्मृती, भान. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून ती जुनाट वेदनांच्या रुग्णांना शिकवली. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी सुमारे सव्वादोन हजार माणसांना दिवसात अवचित फोनवर विचारलं, ‘आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे?’ जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. सुखाच्या गोष्टींत रमलेलं मनही समोरच्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी आढळलं नाही. हे वाचून मला बरं वाटलं. माझा एकट्याचाच दोष नव्हता तर!

मग करायचं काय? मन भटकू द्यायचं नाही, असा निश्चय मी अनेकदा केला आणि दर वेळी फसलो. मन जाणारच. ते गेलं हे ध्यानात येणं, एवढंच आपल्या हातात. मोजता मोजता मन गेलं की मी थांबत असे, एक श्वास घेत असे, नोटेच्या कागदाचा खरखरीतपणा बोटाला जाणवू देत असे आणि पुन्हा एकपासून सुरू करत असे. स्वतःवर चिडायचं नाही, हे सगळ्यांत अवघड. चिडलो की चिडण्यातच मन जातं.

यासाठी वेगळी खोली, वेगळी वेळ लागत नाही. जळगावात बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आहेच. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईनं घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचली. मनावरही रचलं. कोणी म्हणेल, काम करताना गाणी सुचली म्हणजे लक्ष दुसरीकडेच होतं की! मला तसं वाटत नाही. सुगरणीचा खोपा इतका बारकाईनं सांगायचा तर तो आधी तितकाच बारकाईनं पाहावा लागतो. अर्थात जात्यावरच्या कष्टांचं कौतुक मला करायचं नाही. दळण गिरणीतूनच आणावं.

आणखी एक सांगायला हवं. मन सतत खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर श्वास मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

मुलगी आता नाशिकला असते. रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा मी टीव्ही बंद करतो आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. तरी मध्येच मन विजेच्या बिलाकडे जातं. मग सांगतो तिला, “थांब जरा, तू काय म्हणालीस ते पुन्हा सांग.” ती हसते आणि पहिल्यापासून सांगते.