शंका घेणारी माणसं

मे 2025मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज जेद्दाजवळ लाल समुद्रात उथळ पाण्यात रुतलं. जीपीएसच्या संकेतांत ढवळाढवळ झाल्याचा संशय आहे. बातमी वाचून मला ढवळाढवळ करणाऱ्यांपेक्षा आमच्या दर्यावर्दी धंद्याचाच अधिक संताप आला.

सेक्स्टंटच्या जुन्या काळाचे गोडवे पुष्कळांनी गायलेत. मला आठवतं ते नव्वदचं दशक. जीपीएस नुकतं ब्रिजवर आलं होतं, पण अमेरिका त्याची अचूकता मुद्दाम कमी ठेवी. शंभरेक मीटरचा फरक गृहीतच धरायचा. त्यामुळे वॉचवरचा माणूस शंका घ्यायचा. किनाऱ्यावरच्या रेडिओ संकेतांवर चालणारं लोरान बघायचा, मुंबईकडे येताना खांदेरीच्या दिव्याचं बेअरिंग घ्यायचा. एका रात्री अरबी समुद्रात आमचं जायरो होकायंत्र हळूहळू भरकटलं. ऑटोपायलट त्याच्याच मागे वळत होता, म्हणून अलार्म वाजलाच नाही. चुंबकीय होकायंत्राशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं. लगेच सुकाणू हाती घेतलं, कॅप्टनला उठवलं, रडार जायरो सोडून हेड-अपवर टाकलं, ताऱ्याचा अ‍ॅझिमथ काढून फरक नक्की केला. कुणी घाबरलं नाही, कारण हे सगळं रोजच्या सवयीतलं होतं.

त्याच दशकात, जून 1995मध्ये, बर्म्युडाहून बोस्टनला निघालेलं ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज नँटकेटजवळ वाळूत रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली होती. यंत्र निमूट अंदाजी गणितावर गेलं, पडद्यावर ‘डीआर’ ही बारीक अक्षरं उमटली आणि सुमारे चौतीस तास कुणी ती वाचली नाहीत. जहाज सतरा मैल भरकटलं. लोरान तिथेच चालू होतं! दीड हजार माणसं बचावली, हे नशीब.

यातून आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. पण तेव्हाच कंपनीच्या ऑफिसातून एक सुपरिंटेंडंट आला आणि ताऱ्यांत वेळ घालवू नका, कागदपत्रं पुरी करा, असं बजावून गेला. मला ते आजही सलतं. मे 2000मध्ये जीपीएसचे संकेत स्वच्छ झाले, 2010मध्ये अमेरिकेने लोरान बंद केलं, पुढे बऱ्याच जहाजांवरून कागदी चार्टही गेले. अलार्मच वाजत नाही तेव्हा काय करायचं, हे आजच्या कॅडेटला परीक्षेपुरतं येतं. त्याला दर वॉचला एक तरी पोझिशन जीपीएसविना काढायला लावा, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याच्या कागदपत्रांतून कापा.